दोन बाटल्या

लोणचे हा पुरुषांनी लिहिण्याचा विषय नव्हे, असे आमच्या घरचे मत आहे. पुरुषांनी लोणचे खावे, फार तर कैऱ्यांची पिशवी मंडईतून घरापर्यंत वाहून आणावी, आणि त्यानंतर बरणीपासून चार हात लांब उभे राहावे. या मताला आधारही आहे. आमच्या घरातले लोणचे आजवर दोनदा बिघडले आणि दोन्ही वेळा आरोपी एकच होता. तो म्हणजे मी.

मी नांदेडला राहतो. आई दादाकडे, लातूरला. दर वर्षी मे महिन्याच्या मध्यावर आम्ही उभयता लातूरला जातो, उदगीरहून धाकटी बहीण येते, आणि मग तीन दिवस घरात लोणच्याशिवाय दुसरा विषय नसतो. लोणचे चार घरांचे होते. एक बरणी दादाची, एक माझी, एक बहिणीची. चौथे घर कुणाचे, असे एकदा मी आईला विचारले होते. ती म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याचं." शेजारच्या घरी कुणी आजारी पडले, कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या तोंडाला चव नाहीशी झाली, की त्या चौथ्या बरणीचा दादरा सुटतो. इतर तीन बरण्यांत थोडे कमी भरले तर आई बोलत नाही. चौथी मात्र गळ्यापर्यंत भरली पाहिजे.

ह्या चौथ्या बरणीला स्वतःचे झाकण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्या रात्री ज्या गावांचे सर्वस्व गेले त्यांच्यापुढे आमच्या झाकणाची गोष्ट सांगायची लाज वाटते. पण फळीवरून ते झाकण पडले आणि फुटले, एवढे खरे. तेव्हापासून तिच्यावर स्टीलची वाटी पालथी घालून वरून दादरा बांधतात.

कैरीचे लोणचे घालताना आमची आई एखाद्या सेनापतीसारखी वागते. कैऱ्या धुऊन, पंचाने पुसून, सावलीत वाळवायच्या. दादाने मोठ्या अडकित्त्याने फोडी करायच्या, बहिणीने कोय काढायची. मीठ-हळद लावून फोडी झाकून ठेवायच्या. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट. तेल करडईचे, कडकडीत तापवून पूर्ण निववलेले. बरणीला आधी हिंगाची धुरी. आणि या सगळ्यात पाण्याचा एक थेंब कुठे लागता कामा नये. "लोणच्याचा वैरी पाणी," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, पाण्याला वैरी म्हणण्याची पाळी लातूरकरांवर एक दिवस उलटेल, असे कधी मनात आले नव्हते.

ती पाळी 2016 साली आली. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. नळ आठवणीत उरले. पाण्याच्या टाक्यांभोवती माणसांच्या झुंबडी उडू लागल्या, तेव्हा मार्च महिन्यात तिथे जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. पुढे 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करून. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. आमच्या दादाने स्टेशनवर जाऊन ती गाडी पाहिली आणि घरी येऊन आईला सांगितले. आई म्हणाली, "बहात्तर साली आपल्याकडं पाणी होतं, पण खायला धान्य नव्हतं. आता दुकानं धान्यानं भरलीत, अन्‌ पाणी नाही. देवाला एकाच वेळी दोन्ही द्यायला काय होतं कोण जाणे!"

त्या वर्षी लातूरला जाताना पाहुण्याने पेढे न्यावेत की पाणी, हा प्रश्नच नव्हता. मी वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन एस. टी.त चढलो. कंडक्टर कॅनकडे बघत म्हणाला, "काय आहे?" मी म्हटले, "पाणी. लातूरला नेतोय." त्याने क्षणभर विचार केला आणि लगेजचे तिकीट न फाडता, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ते कॅन स्वतः नीट बसवून दिले. लोहा, अहमदपूर, चाकूर असे स्टँड येत गेले, आणि गाडीतला प्रत्येक जण उतरताना त्या कॅनना पाय लागणार नाही अशा बेताने उतरत होता. लहानपणी गंगेचा गडू घरी आला की आम्ही असेच वागत असू. आता गोदावरीकाठच्या नांदेडचे साधे नळाचे पाणी त्या मानाला चढले होते.

दादाच्या घरी पाण्याला एक क्रम ठरवून दिला होता. भाजी धुतलेले पाणी तुळशीला. तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळायला. अंघोळ परातीत बसून करायची, ते पाणी कपड्यांना, आणि कपड्यांचे पाणी शेवटी न्हाणीघरामागच्या बादलीत. वहिनी हे सगळे न बोलता सांभाळत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण बघून मला माझ्या चाळीस लिटरांची लाज वाटली.

जेवताना दादाने विषय काढला. "आई, यंदा लोणचं राहू दे. दुकानातून चार बाटल्या आणू."

आई काही बोलली नाही. तिने ताकाचा घोट घेतला आणि भांडे खाली ठेवले.

"कैरीसुद्धा चांगली नाही," दादा म्हणाला. ते खरे होते. बहिणीच्या शेतातल्या झाडांनी मोहरच टाकला होता, आणि गंजगोलाईत जी कैरी आली होती ती बाहेरगावची, सुकलेली आणि महाग. आई सकाळी स्वतः जाऊन बघून आली होती. गोलाईला सोळा रस्ते मिळतात. त्यांतल्या एकाही रस्त्याने तिच्या मनासारखी कैरी लातुरात आली नव्हती.

"एका बरणीपुरती होईल," आई शेवटी म्हणाली. मग थोडे थांबून, "पण येणाऱ्या-जाणाऱ्याला काय देऊ? अशा सालीच तर लोक येतात."

या वाक्यावर कुणाला उत्तर सुचेना. तेव्हा माझी पुतणी बोलली. ती परभणीला, कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकत होती आणि सुटीसाठी आली होती. "आजी, गवारीचं करू. सिरक्यात. बाटल्यांत भरून, उकळून, हवाबंद करून."

आईने तिच्याकडे असे पाहिले की, एवढे शिकवून हेच का फळ, असा त्याचा अर्थ होता. "गवारीचं लोणचं? गवार ताकामिठात भिजवतात, वाळवतात अन्‌ तळतात."

परंतु गवार मंडईत होती. ती कमी पाण्यावर येणारी भाजी आहे. आमच्याकडे हिच्या वाट्याला मान नाही. कुणाच्या घरी गवार झाली की मुले नाक मुरडतात. पण हिच्या बियांतून निघणारा डिंक अमेरिकेतल्या तेलविहिरींत लागतो, आणि 2012 साली त्यापायी गवारीच्या बियांचे भाव आभाळाला भिडले होते. पुतणीने ही माहिती आजीला सांगितली. आईवर तिचा परिणाम झाला नाही. तिने एकच विचारले, "उकळायला पाणी किती लागंल?"

"मोठ्या पातेल्यात बारा-तेरा लिटर. पण तेच पाणी सगळ्या बाटल्यांना चालतं. वर घातलेलं पाणी बाटलीत जात नाही."

"अन्‌ नंतर ते वापरता येतं?"

"येतं की."

"मग करा," आई म्हणाली. "पण पाणी सांडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचे घर म्हणजे एक छोटा कारखाना झाला. ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही सगळे गवारीची देठे खुडायला बसलो. शेंगा बाटलीच्या उंचीला कापायच्या आणि उभ्या भरायच्या, शाळेत प्रार्थनेला पोरे उभी करतात तशा. प्रत्येक बाटलीत लसणाच्या चार पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर मोहरी. सिरका आणि पाणी समसमान, त्यात मीठ, हे उकळून वरून ओतायचे. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा मोकळी सोडायची. बाटल्यांचे काठ कोरड्या फडक्याने पुसायचे. झाकणे नवी हवीत, जुनी चालणार नाहीत. मग बाटल्या पातेल्यात बुडतील अशा ठेवून दहा मिनिटे खळखळ उकळायच्या. पाच मिनिटे पुरली असती. पण लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे, इथे पाणी थोड्या कमी उष्णतेवर उकळते, म्हणून वेळ वाढवायचा, असे आमच्या बाईसाहेबांनी घड्याळ हातात घेऊन सांगितले.

काम करताना तिने गोष्टही सांगितली. पॅरिसमध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. त्याने बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट मारली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकले. 1810 साली फ्रान्सच्या सरकारने त्याला त्याबद्दल बारा हजार फ्रँक दिले. पण अन्न का टिकते, हे त्याला ठाऊक नव्हते. जंतूंचे काम उलगडून दाखवणारा पाश्चर तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

"मग आमचं काय चुकलं?" आई म्हणाली. "आम्हालाही कुठं ठाऊक होतं? पण बरणी टिकत होती."

सगळ्यांत मजा बाटल्या बाहेर काढल्यावर आली. त्या गार होऊ लागल्या की झाकणाचा मध्यभाग आत ओढला जातो आणि 'टक्' असा आवाज होतो. तो झाला की बाटली हवाबंद झाली. आम्ही सगळे पंख्याखाली बसून आवाज मोजत होतो. एक, दोन, सात, अकरा. अठरा बाटल्यांचे अठरा 'टक्' झाले, तेव्हा शेवटच्या आवाजाला दादानेसुद्धा टाळी वाजवली. पंधरा दिवसांत मी त्याला प्रथमच हसताना पाहिले, असे वहिनी नंतर म्हणाली. पातेल्यातल्या पाण्याने दुसऱ्या दिवशी आमचे कपडे धुतले गेले.

पुतणी परीक्षेसाठी परभणीला गेली, बहीण उदगीरला गेली. मी दोन दिवस मागे राहिलो आणि इथेच घोटाळा झाला.

शेर-दीडशेर गवार उरली होती. दोन बाटल्याही होत्या. आईने आदल्या दिवशीच्या उरल्या रसाचा थेंब जिभेवर ठेवून तोंड वाकडे केले होते. "इतकं आंबट कोण खाईल? बाळंतिणीला देता येईल का हे?" मग आम्ही मायलेकांनी आमच्या मताने काम केले. सिरका पळीभर, बाकी पाणी. उकळणे वगैरे सर्व शास्त्रोक्त. मी घड्याळ लावून दहा मिनिटे मोजली. 'टक्' आवाज दोनदा, चांगला खणखणीत झाला. आई म्हणाली, "बघ, जमलं की!" मलाही तसेच वाटले. या दोन बाटल्या तिने चौथ्या बरणीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ठेवल्या.

जूनमध्ये मी पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा पुतणी घरी आलेली होती. फळीवरच्या बाटल्या मोजताना ती थांबली. "वीस कशा? आपण अठरा केल्या होत्या." आईने मोठ्या अभिमानाने सांगितले. पोरीचा चेहरा उतरला.

"आजी, सिरका किती घातला?"

"पळीभर."

"हे टाकावं लागेल."

ओसरीवर शांतता पसरली. बाटल्यांतली गवार हिरवीगार दिसत होती. रस नितळ होता. झाकणे घट्ट बसली होती. आमच्या आईने उभ्या जन्मात शिळ्या भाकरीचा तुकडा टाकलेला नाही. त्याचा ती कुस्करा करते, काला करते. आणि हे तर दुष्काळाच्या सालातले, दुसऱ्याला द्यायला केलेले अन्न.

पुतणीने नीट समजावून सांगितले. मातीत एक जंतू असतो. त्याची बीजे उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्याला प्रेशरची वाफ लागते, एकशे सोळा अंशांच्या वरची. बाटलीत हवा नाही, आंबटपणा नाही, अशी जागा मिळाली की ती बीजे उगवतात आणि विष तयार करतात. वास येईलच असे नाही, चव बदलेलच असे नाही. चमचाभर पोटात गेले तरी माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वास बंद पडू शकतो. "तुझं कैरीचं लोणचं टिकतं, कारण कैरी स्वतः आंबट असते, अन्‌ वर तू मीठ घालतेस. गवारीला स्वतःचा आंबटपणा नाही. तो आपण वरून द्यायचा असतो. निम्मा सिरका चवीसाठी नव्हता, आजी."

"म्हणजे कैरी माहेरची शिदोरी घेऊन येते," आई हळूच म्हणाली, "अन्‌ गवार रिकाम्या हातानं."

"तसंच."

मी मध्येच बोललो. "पण कशावरून ह्या बिघडल्याच असतील? पुन्हा उकळून आपण घरीच खाऊ. कुणाला द्यायच्या नाहीत." मला बाटल्यांपेक्षा आईचा चेहरा बघवत नव्हता.

आईने माझ्याकडे पाहिले. "तू बोलू नकोस. बहात्तर साली काय झालं होतं?"

1972 च्या दुष्काळात आम्ही अहमदपूरला होतो. वडील शाळामास्तर. रेशनवर लाल मिलो मिळे, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. भाजी नव्हतीच. घरात एक लोणच्याची बरणी होती आणि वर्षभर तिच्यावरच भागवायचे होते. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. एका दुपारी सगळे निजलेले असताना मी पाणी प्यालो आणि तसाच ओला हात बरणीत घातला. आठ दिवसांनी वर पांढरी बुरशी आली. शेजारणींनी सांगितले, वरचा थर काढून टाका, खालचे चांगले असेल. आईने ऐकले नाही. सगळी बरणी परसात नेऊन उकिरड्यावर रिकामी केली. "जे शंकेनं वाढावं लागतं, ते लेकरांच्या ताटात नको," असे ती म्हणाली होती. त्यानंतर कित्येक महिने आम्ही मिलोची भाकरी मिठाच्या पाण्याशी खाल्ली. हात कुणी घातला, हे तिने कधी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

"आई," मी म्हटले, "ती बरणी मी बिघडवली होती."

"मला ठाऊक आहे."

"कसं काय?"

"तुझ्या सदऱ्याच्या बाहीला तेल लागलेलं होतं. तो सदरा कुणी धुतला? मीच की."

चव्वेचाळीस वर्षे ती गोष्ट तिने पोटात ठेवली होती. मी मान खाली घातली. पुतणीला हसू आवरेना. दादा म्हणाला, "आणि मार मात्र मी खाल्ला होता, अण्णांचा!" हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

आई उठली. दोन्ही बाटल्या तिने स्वतः फळीवरून काढल्या. दारात पोचल्यावर ती थांबली. "यातलं पाणी तरी तुळशीला घालू का?"

"नको, आजी. झाकणही उघडायचं नाही."

दादाने परसात निंबाखाली खोल खड्डा खणला. बाटल्या झाकणासकट त्यात ठेवल्या आणि माती लोटली. आई बराच वेळ तिथे उभी होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी वाया गेलेले पाणी तेवढेच: दोन बाटल्यांतले.

पुढे पाऊस आला. मिरजेची पाण्याची गाडी ऑगस्टपर्यंत चालली, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीला मांजरा धरण भरले. राहिलेल्या अठरा बाटल्या दिवाळीच्या आत संपल्या. आईने त्यातल्या बहुतेक येणाऱ्या-जाणाऱ्याला दिल्या आणि प्रत्येकाला बजावले, "आंबट आहे, पण तसंच असतं बरं का ते."

आता आईने पंचाऐंशी ओलांडली आहेत. अडकित्ता तिला पेलत नाही, पण मे महिन्यातले सेनापतिपद तिने सोडलेले नाही. कैरीच्या बरण्यांशेजारी गवारीच्या बाटल्याही आता दर वर्षी लागतात. सिरका निम्मा. मापाचे भांडे पुतणीच्या हाती असते, आणि ती नसेल त्या दिवशी गवारीला कुणी हात लावत नाही.

माझी भूमिका मात्र बदललेली नाही. साठी उलटून गेली तरी बरणीजवळ जायचे झाले की मी आईसमोर उभा राहतो आणि दोन्ही हात पुढे करतो. आधी तळवे, मग पालथे. ती डोळे बारीक करून बघते, बोटांच्या बेचक्या तपासते आणि पदराने एकदा पुसून देते. मग म्हणते, "हं. आता घे."